मागच्या पट्टीतली चिलापी

शाळा बंद झाली त्या वर्षी माझं पुढे काय करायचं, हे मी सोडून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. नणंद म्हणाली, भजनी मंडळात ये, चार बायकांत मन रमेल. समोरच्या विंगमधली मैत्रीण म्हणाली, ट्यूशन काढ, सायन्सला मरण नाही. मुलुंडहून बहिणीचा रोज फोन. "आता जरा स्वस्थ बस गं, किती राबशील?" मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकीचंही केलं नाही. स्वस्थ बसायला मला काही झालेलं नव्हतं. शाळा बंद पडली होती, मी नव्हते पडले.

आमची शाळा मराठी माध्यमाची, बोरीवलीत. एके काळी तिथे प्रवेशासाठी आईबाप पहाटेपासून फाटकाशी उभे राहायचे. मग एकेक तुकडी कमी होत गेली, वर्गांना कुलपं लागत गेली, आणि शेवटी संस्थेने सगळंच आवरलं. मी विज्ञानाची टीचर. प्रयोगशाळा रिकामी करायला भंगारवाला आला तेव्हा मी तिथेच होते. ब्युरेट, चंचुपात्रं, फ्लास्क, सगळं गोणीत खणाखण पडत होतं. मी त्याला म्हटलं, "हळू." तो म्हणाला, "मॅडम, आता फोडायचंच आहे." मुख्याध्यापकांनी विचारलं, तुम्हाला काही न्यायचंय का? मी परीक्षानळ्यांचा एक स्टँड, दोन मोजपात्रं आणि एक ड्रॉपर उचलला. घरी आणून स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत ठेवला आणि त्याच्याकडे बघत चहा प्यायले. रडू वगैरे आलं नाही. राग आला. आयुष्यभर मी आठवीच्या मुलांना फळ्यावर नायट्रोजन चक्र काढून दाखवलं होतं. ढग, वीज, गाय, वाटाण्याचं रोप आणि त्यांच्यामधून फिरणारे बाण. मुलं पाठ करायची, पेपरात काढायची, मी मार्क द्यायचे. पण ते चक्र फिरताना ना त्यांनी पाहिलं होतं, ना मी.

आम्ही तळमजल्यावर राहतो. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर, इमारत आणि कंपाउंडच्या भिंतीच्या मध्ये, एक अरुंद पट्टी आहे. कागदोपत्री ती सोसायटीची. वापरायची आम्हीच, कारण तिथे जायचा रस्ता फक्त आमच्या घरातून. आणि खरं सांगायचं तर ती वापरायचे वरचे लोक. दुधाच्या पिशव्या, विंचरलेले केस, कापलेली नखं, कधी त्याहून घाण काहीतरी, सगळं खिडकीतून खाली. लग्न होऊन आले तेव्हापासून ती पट्टी मी साफ करत होते. तिथे काही लावावं म्हटलं तर खाली माती नावालाच. कुदळ मारली की विटांचे तुकडे आणि फुटक्या फरश्या निघायच्या, इमारत बांधताना टाकलेलं सगळं डेब्रिज. कढीपत्ता लावला, तो घुशीने मुळापासून कुरतडला. तुळससुद्धा धरली नाही.

अशात एक व्हिडिओ पाहिला. केरळातला एक माणूस, घरामागे टाकी, टाकीत मासे. माशांनी घाण केलेलं पाणी पंपाने वरच्या खडीच्या वाफ्यात जायचं, खडीतले जिवाणू त्या घाणीचं खत करायचे, भाजी ते खत शोषून घ्यायची आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे यायचं. माती नाही. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग आणखी एकदा. फळ्यावरचे सगळे बाण त्याच्या परसात फिरत होते.

नवरा अंधेरीहून ऑफिस करून आला, तर मी मागच्या पट्टीत टेप घेऊन मोजमाप करत होते.

"काय चाललंय?"

"इथे मासे पाळणार आहे. आणि त्यांच्यावर भाजी."

त्याने दारातच बॅग खाली ठेवली. "डोकं फिरलंय तुझं," म्हणाला. मग म्हणाला, "टेपचं ते टोक इकडे दे, तू एकटी कशी मोजणार?"

पुढचे काही रविवार आम्ही दहिसरच्या भंगारबाजारात घालवले. कारखान्यांत माल भरायला लोखंडी पिंजऱ्यातल्या पांढऱ्या चौकोनी टाक्या असतात, तशी एक हवी होती. दुकानदार प्रत्येक टाकीला "एकदम झकास" म्हणायचा. मी नाक आत घालून वास घ्यायचे. कशात ॲसिड, कशात रंग. एकीला पाकासारखा गोडसर वास आला आणि आत हात फिरवला तर बोटं चिकट झाली. बिस्किटवाल्यांकडची असणार. ती घेतली. ग्राइंडरने आडवी कापून घेतली, खालचा मोठा भाग माशांना, वरचा भाग उलटा करून त्याचा वाफा. टेम्पोवाल्याने ती सोसायटीच्या फाटकातून आत आणली तेव्हा बिल्डिंगमधल्या निम्म्या खिडक्यांत डोकी होती. "टीचर, हे काय?" कुणीतरी वरून विचारलं. "प्रयोगशाळा!" मी ओरडून सांगितलं.

खडी धुणं हे सगळ्यात मोठं काम. काँक्रीटला वापरतात तसली खडी, ती घमेल्यात घेऊन धुवायची, ओतायची, परत धुवायची. पाणी गढूळच. हाताची सालं निघाली. आधी प्रत्येक पोत्यातली मूठभर खडी मी व्हिनेगरमध्ये टाकून बघितली. फेस आला तर चुनखडी, ती पाण्याची वाट लावते. एक पोतं त्यात नापास झालं, ते परत पाठवलं. दुकानवाल्याने आजवर खडीची परीक्षा घेणारं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं.

वाफ्यातलं पाणी एका उंचीपर्यंत भरलं की आपोआप भसकन खाली यायला हवं, म्हणजे मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. त्यासाठी पाइपचा सायफन करायचा. सायफनही मी वर्गात शिकवला होता, नळी आणि दोन बादल्या घेऊन. पण माझा सायफन काही सुरू होईना. पाणी नुसतं थेंब थेंब गळायचं. कधी झाकण घट्ट, कधी पाइप बारीक. नवरा म्हणाला, "तू शिकवायचीस ना हे?" मी म्हटलं, "गप्प बस आणि ती करवत दे." शेवटी एका दुपारी मी आत कणीक मळत असताना मागून घळघळ असा मोठा आवाज आला, बेसिन तुंबून मोकळं व्हावं तसा. कणकेच्या हातांनी धावले. वाफा रिकामा होत होता. रिकामा झाला, थांबला, पुन्हा भरायला लागला. मी तिथे पायरीवर बसून तो तीनचारदा भरू-ओतू दिला. कणीक सुकून गेली.

मासे आणले पालघरकडच्या एका शेततळ्यावरून, ओळखीच्यांच्या गाडीतून, हवा भरलेल्या पिशवीत. चिलापीची पिल्लं, बोटाएवढीही नाहीत. आमच्या नाक्यावर गोराईची एक मासेवाली मावशी बसते, तिला हौसेने सांगितलं. तिने बांगडा उचलता उचलता हात थांबवला. "काय गो बाय, चिलापी? गोड्या पान्यातली? ती कोन खातं?" मग खो खो हसली. "आनि आता आमचा धंदा पन घेतेस काय?"

पहिले काही आठवडे वाईट गेले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो आणि तो पचवणारे जिवाणू खडीत यायला वेळ लागतो. मत्स्यालयाच्या दुकानातून तपासणीचे थेंब आणले होते. शाळेतली परीक्षानळी, त्यात टाकीतलं पाणी, वर थेंब. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. रोज हिरवं. रोज बादल्यांनी अर्धं पाणी बदलायचं, तेही आधी ड्रममध्ये एक दिवस उघडं ठेवलेलं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. रोज एखादं पिल्लू पोट वर करून तरंगलेलं. मी खाणंपिणं सोडून टाकीशी. मग एका सकाळी अमोनियाचा हिरवा रंग फिका पडला आणि दुसऱ्या, नायट्राइटच्या नळीतलं पाणी जांभळं झालं, म्हणजे पहिल्या जातीचे जिवाणू आले. त्यानंतर काही दिवसांनी जांभळं उतरलं आणि तिसऱ्या नळीत केशरी रंग आला. नायट्रेट. झाडांचं जेवण. मी ती नळी उजेडात धरून उभी होते आणि समोर दाखवायला एकही मूल नव्हतं. नवऱ्याला ऑफिसात फोन केला. "केशरी आलं!" तो मीटिंगमध्ये होता. "बरं," म्हणाला, "घरी आल्यावर बघतो, टाकून देऊ नकोस."

त्या वाफ्यात पालक आला, पुदिना माजला, टोमॅटो जेमतेम. पण अळू! अळूला तर ते पाणी अमृत झालं. पानं ताटाएवढी. आम्ही फदफदं करून थकलो, वड्या करून थकलो. मी शेजारीपाजारी वाटायला लागले. आमच्या बरोब्बर वर, पहिल्या मजल्यावर, एक भाभी राहतात. माझ्याहून वयाने मोठ्या, पक्क्या शाकाहारी, कांदासुद्धा ठरावीक दिवशी वर्ज्य. त्यांच्याकडे पात्रा, म्हणजे गुजराती पद्धतीची अळूवडी, सुरेख होतो. मी जुडी घेऊन गेले. पानं बघून हरखल्या. मग थांबल्या. "टीचर, याला ते माशाचं पाणी लागतं ना?"

"लागतं, भाभी. त्याच्यावरच वाढतं."

त्यांनी जुडी हळूच माझ्या हातात परत दिली. "मग नको. राग मानू नकोस हं." मी राग मानला नाही. विचारून नाही म्हणाल्या, तेही तोंडावर. ते मला चाललं.

सेक्रेटरी आले ते मात्र मला चाललं नाही. रिटायर्ड गृहस्थ, तिसऱ्या मजल्यावर राहणारे, आमच्यातलेच. रविवारी त्यांच्या घरातून सुरमईचा वास जिन्यात दरवळतो. ते मागच्या दारात उभे राहिले, टाकीकडे बघितलं, घसा खाकरला.

"मॅडम, हे काढावं लागेल."

"का?"

"डास होतील. वास येतो. आणि पाणी किती जातं."

"वास येतोय का तुम्हाला आत्ता?"

त्यांनी हुंगल्यासारखं केलं. "आत्ता नाही. पण लोक म्हणतात."

"पाणी फिरतं, जात नाही. तुमची गाडी धुवायला रोज लागतं तेवढंसुद्धा जात नाही. आणि डासांच्या अळ्या मासे शिल्लक ठेवतात का?"

मग ते खरं बोलले. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, मी पण खातो. पण घरात, दार लावून. तुम्ही हे असं उघड्यावर मांडलंय. बिल्डिंगमध्ये सगळ्या प्रकारचे लोक आहेत. कशाला उगाच डोळ्यावर यायचं?"

मला ते वाक्य लागलं. त्याला कारण होतं. इतकी वर्षं या बिल्डिंगमध्ये मीही मासे तळताना खिडक्या बंद करत आले होते. पंखा लावायचा, उदबत्ती पेटवायची, काटे वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पुन्हा प्लास्टिकची पिशवी बांधून टाकायचे. कुणी तसं सांगितलं नव्हतं. आपणच शिकलो होतो. मी म्हटलं, "मी काही चोरी करत नाहीये. डोळ्यावर येऊ दे."

त्यानंतर वरून कचरा जास्त पडायला लागला. एकदा उष्टी भाजी सरळ टाकीत. मी वरून जाळं ताणून बांधलं. त्याचा आणखी एक फायदा झाला. नॅशनल पार्ककडून एक खंड्या यायला लागला होता, भिंतीवर बसून माझी पिल्लं टिपायचा. जाळं पाहून तो चिडून ओरडत गेला. कचऱ्यावाले ओरडले नाहीत, फक्त पिशव्या जाळ्यावर साठल्या. मी त्या रोज काढल्या आणि रोज जिन्याच्या तोंडाशी, सगळ्यांना ओलांडून जावं लागेल अशा ठेवल्या. काही दिवसांत पिशव्या थांबल्या.

मग पालिकेचा माणूस आला, डासांच्या तक्रारीवरून. तक्रार कुणाची ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी त्याला मागे नेलं. त्याने टाकीत लांब दांड्याचा पळा बुडवून पाणी काढलं, टॉर्च मारला, पुन्हा काढलं. "यात काही मिळणार नाही ताई," म्हणाला, "मासे आहेत." मग नियमाप्रमाणे सगळी इमारत बघायला वर गेला. गच्चीवर सोसायटीने पत्र्यावर ताडपत्री घातली होती, तिच्या खळग्यात पाणी साचलेलं, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. सेक्रेटरी त्याच्या मागे मागे जिना उतरत, पुढच्या वेळी काळजी घेऊ म्हणून सांगत होते. मी दारात उभी राहून सगळं ऐकलं. हसले नाही. पण दारही लावलं नाही.

मासे हळूहळू तळहाताएवढे झाले. मी मागचं दार उघडलं की सगळे एका कोपऱ्यात गोळा व्हायचे, खाणं आलं म्हणून. एका दुपारी बघते तर दार न उघडताच ते कोपऱ्यात जमलेले. वरून कणकेच्या बारीक गोळ्या जाळ्यातून टपटप पडत होत्या. मान वर केली तर भाभींचा हात पटकन खिडकीतून आत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच जिन्यात गाठलं. "तो एक काळा आहे ना, तो दुसऱ्याला खाऊच देत नाही." मी म्हटलं, "हो, गुंडच आहे तो." आणि आम्ही दोघी जरा वेळ त्या माशाबद्दल बोललो. तेव्हापासून भेटल्या की त्या "नको मारू" म्हणायच्या आणि मी "खाणार" म्हणायचे.

त्यानंतर बहिणीकडे भाचीचा साखरपुडा होता. सकाळी टाकीत खाणं टाकून आम्ही दोघं मुलुंडला गेलो. संध्याकाळी परत आलो तर मागचं दार उघडताच रॉकेलसारखा उग्र वास आला. भिंतीवर, फरशीवर, जाळ्यावर पांढुरके ओघळ. सोसायटीने डास-झुरळांची फवारणी करून घेतली होती. कंपाउंडच्या भिंतीच्या पलीकडून, शेजारच्या प्लॉटमधून नळी आणून आमची पट्टीही भिजवली होती. टाकीतले मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होते, आडवे होत होते, गिरक्या घेत होते. मी साडीचा पदर खोचला आणि बादल्या भरभरून पाणी बदलायला लागले. नवऱ्याने चांगल्या कपड्यांतच दुसरी बादली घेतली. काही उपयोग झाला नाही. या औषधाचा थेंबभरसुद्धा माशांना पुरतो, मला माहीत होतं. एकेक करत सगळे गेले. तो काळा सगळ्यात शेवटी.

मुद्दाम केलं की निष्काळजीपणाने, ते मला आजही माहीत नाही. नवरा ओल्या कपड्यांत पायरीवर बसला. म्हणाला, "पुरे झालं गं. सोड आता. या लोकांशी तू किती भांडणार?" तो माझ्या बाजूनेच बोलत होता, मला कळत होतं. तरी मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मासे मोठ्या घमेल्यात काढले, वर बर्फ टाकला, ओलं फडकं झाकलं.

दुसरा दिवस रविवार. सकाळी वॉचमनच्या केबिनशेजारच्या खोलीत कमिटीची मीटिंग असते. मी घमेलं कमरेवर घेतलं आणि गेले. बोलावणं नव्हतं. आत सेक्रेटरी, खजिनदार, आणखी काही जण, आणि भाभी, कारण त्या कमिटीत आहेत. चहाचे कप मांडले होते. मी कप बाजूला सारले, घमेलं टेबलावर ठेवलं आणि फडकं काढलं.

कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. सेक्रेटरी उठून उभे राहिले. "मॅडम, हे काय? हे बाहेर न्या आधी!"

"नेते. आधी सांगा, हे कशाने मेले?"

"फवारणी सगळ्या बिल्डिंगची होती. नोटीस लावली होती."

"कुठे?"

"बोर्डावर."

"कधी? मी सकाळी निघाले तेव्हा बोर्ड कोरा होता."

खजिनदार मोबाइल बघायला लागला. मी म्हटलं, "भिंतीपलीकडून माझ्या मागच्या दारात औषध मारायला माणूस पाठवलात. दाराची बेल वाजवली असतीत, कालचा दिवस थांबला असतात, मी टाकी झाकली असती. एवढं कळवायलाही तुम्हाला जड झालं?"

"नाहीतरी तुम्ही ते खाणारच होतात ना?" सेक्रेटरी म्हणाले. "मग एवढं काय?"

मी उत्तर द्यायच्या आत भाभी बोलल्या. त्या घमेल्याकडे बघत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या, डोळे पुसत होत्या. "ती खाणार होती, ते पाप तिचं," त्या म्हणाल्या. "तिला मी रोज सांगते, नको मारू. पण ती तोंडावर सांगते, मी खाणार. तुम्ही न सांगता मारलेत. आणि आपल्या सगळ्यांच्या नावाने मारलेत. माझ्या नावाने पण. मला विचारलं होतं कुणी?"

सेक्रेटरी खाली बसले. मग मी फडकं झाकलं, घमेलं उचललं आणि दारातून सांगितलं, "मी पुन्हा लावणार आहे. पुढच्या फवारणीला आधी मला कळवायचं."

मासे मी पट्टीतच खोल खड्डा करून पुरले, विटांचे तुकडे उपसून. दोन दिवस घरात सुतक असावं तसे गेले. मग कामाला लागले. अळू, पुदिना सगळं उपटून टाकलं. टाकीतला गाळ काढून फेकला. सगळी खडी बाहेर काढली, परत धुतली, घमेल्याघमेल्याने गच्चीवर नेऊन उन्हात पसरली. जिन्यात सेक्रेटरी भेटले, मी डोक्यावर घमेलं घेऊन वर चाललेली. ते भिंतीला चिकटून उभे राहिले, मला वाट दिली. नवरा आता "सोड" म्हणत नव्हता. सुट्टी घेऊन तोही खडी वाहत होता, आणि चौथ्या मजल्यावर थांबून, धापा टाकत म्हणाला, "तुझ्या नादाने माझं पोट तरी कमी होईल."

पाणी स्वच्छ झालंय का, हे बघायला आधी गप्पी मासे सोडले. पालिकेकडे ते फुकट मिळतात. ते जगले. त्यांना पिल्लं झाली. मग पुन्हा पालघर, पुन्हा हिरवं, जांभळं, केशरी. पण या वेळी मला घाई नव्हती.

पहिली चिलापी मी स्वतः काढली. नवरा म्हणाला, नाक्यावरच्या मावशीला बोलाव, ती मारेल आणि साफही करेल. मी म्हटलं, नाही. भाभींनी मीटिंगमध्ये जे सांगितलं ते माझ्या डोक्यात होतं. खाणार मी, तर हातही माझा. बर्फाच्या पाण्यात सोडली, ती शांत झाली, मग विळीवर घेतली. मग खवले काढले, आलं-लसूण, हळद, तिखट, आमसुलाचं आगळ लावलं आणि तव्यावर टाकली. उदबत्ती लावली नाही. मागची खिडकी, पुढची खिडकी, दोन्ही उघड्या ठेवल्या. वास जायचा तिथे गेला.

चव? मावशी म्हणते तेवढी वाईट नाही. जरा चिखलट असते, ती आमसुलाने झाकते. सुरमई नाहीच. नवऱ्याने दोन तुकड्या खाल्ल्या आणि म्हणाला, "बांगडा बरा." पण ताट चाटून पुसून ठेवलं. मावशीला एक नेऊन दिली. तिने हातात तोलली, कल्ला उघडून बघितला. "ताजी हाय," एवढंच म्हणाली. तिच्याकडून तेवढं पुष्कळ.

भाभी अळू अजूनही घेत नाहीत. मी त्यांना विचारणंही सोडलेलं नाही, आणि त्या मला "नको मारू" म्हणणंही सोडत नाहीत. मासे काढायच्या दिवशी मी आधी त्यांना सांगते, मग त्या खिडकी लावून घेतात आणि देवळात जातात. परत आल्या की वरून कणकेच्या गोळ्या टाकतात, उरलेल्यांना.

फवारणीच्या आधी आता माझ्या दारावर बेल वाजते. पण सोसायटीच्या डोक्यात नवीन विषय आहे. मागच्या पट्टीतून भिंत फोडून टू-व्हीलर पार्किंग करायचं म्हणतात. मागच्या आठवड्यात सेक्रेटरी पुन्हा आले. या वेळी दारात उभे न राहता आत येऊन बसले, चहा घेतला.

"मॅडम, ठराव मंजूर होणार. तुम्ही आधीच काढून घेतलंत तर सोपं जाईल."

"कुणाला?"

ते हसले. "तुम्ही काही ऐकायच्या नाहीत."

"नाही," मी म्हटलं. "ठराव करा. मी मीटिंगला येईन आणि विरोधात हात वर करीन. हरले तर कोर्टात जाईन. भिंत फोडायला माणूस येईल तेव्हा मी टाकीशी उभी असेन. चहा अजून हवाय?"

त्यांनी अर्धा कप घेतला. मागे वाफा भरून रिकामा झाला, तसे त्यांनी कान टवकारले. "हा आवाज कसला?"

मी त्यांना सायफन दाखवायला घेऊन गेले. त्यांना तो नीट समजेना, म्हणून झाकण काढून दाखवला, पाणी कुठून चढतं आणि कुठे पडतं ते. ते बराच वेळ वाकून बघत होते. पार्किंगला मात्र अजून हो म्हणताहेत.